एकवीस पत्री

बडोद्याच्या मराठी घरांत निकाल लागला की पहिली साखर देवापुढे आणि दुसरी घरातील वडीलधाऱ्यांच्या हातावर, ही रीत आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत. देव साखर घेतो आणि गप्प राहतो. वडीलधारे मात्र ती तोंडात टाकून काहीतरी बोलतात, पाठीवर हात ठेवतात, आपल्या वेळची एखादी आठवण काढतात. आणि खरे सांगायचे तर निकाल घरी आणायचा तो त्या बोलण्यासाठीच.

२०२२ साली आमची कन्या वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली. पहिला वर्ग मिळाला. देवापुढे साखर ठेवून आम्ही उभयता मागे वळलो आणि वाटी हातात धरून क्षणभर तसेच उभे राहिलो. दुसरी साखर ज्यांच्या हातावर ठेवायची ते हातच घरात उरले नव्हते. अण्णा २०१५ साली गेले, माई २०२१ साली. शेवटी कन्येनेच वाटी आमच्याकडून घेतली आणि आमच्या दोघांच्या तळहातावर चिमूट चिमूट साखर ठेवली. वडीलधारे म्हणजे आता आम्हीच, हे त्या वेळी प्रथम ध्यानात आले. काहीतरी बोलायचे होते, ते आम्हांला सुचले नाही. का सुचले नाही, हे सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहोत.

अण्णा आणि माई हे आमच्यापैकी एकाचे आईवडील आणि दुसऱ्याचे सासूसासरे. पण वीस-पंचवीस वर्षे एका छपराखाली काढल्यावर हा भेद फारसा उरत नाही, म्हणून येथेही तो करीत नाही. दांडिया बाजाराच्या मागच्या बाजूला आमचे जुने घर. अण्णा छापखान्याच्या बांधणी खात्यात नोकरीला होते. पुस्तके शिवणे, पुठ्ठे चढविणे, खळ शिजविणे हे त्यांचे आयुष्य. खळीत मोरचूद घातल्याखेरीज ती पुस्तकाला लावायची नाही, नाहीतर कसर लागते, हा त्यांचा नियम घरातील लहान मुलांनाही पाठ होता. रविवारी ते नातवंडांना मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात नेत आणि तेथील काचेची जमीन दाखवीत. वरच्या मजल्यावरचा उजेड त्या काचेतून खालच्या मांडण्यांपर्यंत उतरतो. "पुस्तकाला उजेड कुठून मिळेल, याचाही विचार करणारा राजा होता आपला," असे ते प्रत्येक वेळी म्हणत, आणि मुले प्रत्येक वेळी ते नव्याने ऐकल्यासारखे ऐकत.

माईंचा जन्म १९३९ सालचा. सयाजीरावमहाराज गेले ते वर्ष. म्हणून माईंना आपले वय कधी मोजावे लागले नाही. महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात आणि १९०६ सालापासून सर्व राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. त्यामुळे माईंच्या आईलाही शाळेत बसावे लागले होते. "दंड भरण्यापेक्षा पोरगी शाळेत गेलेली बरी, असा हिशेब करून आमच्या आजोबांनी आईला धाडले," असे माई हसून सांगत. स्वतः माई सातवीपर्यंत शिकल्या. पुढे शिकण्याची इच्छा होती, पण १९५७ साली लग्न झाले आणि तो विषय मिटला. त्याची तक्रार त्यांनी कधी केली नाही. एवढे मात्र खरे, की कोणाचेही शाळेचे पुस्तक दिसले की त्या ते उघडून पाहत. मग ते मराठी असो, गुजराती असो की इंग्रजी.

आमची मुलगी या दोघांच्या हाताखाली वाढली. आम्ही दोघेही नोकरीवर. दुपारी शाळेतून आली की ती अण्णांच्या बैठकीशेजारी बसून कागदाच्या घड्या घालायची आणि भाद्रपद आला की माईंबरोबर पत्री गोळा करायला जायची. गणपतीच्या एकवीस पत्री बाजारातून जुडीने आणणे माईंना पसंत नव्हते. "त्या जुडीत काय बांधलेले असते ते बांधणाऱ्यालाही ठाऊक नसते," असे त्या म्हणत. हरतालिकेच्या दिवशी आजी आणि नात पिशवी घेऊन निघत. पाणथळ जागी माका, रस्त्याच्या कडेला आघाडा, कुंपणाशी डोरली, ओसाड जागी रुई आणि धोत्रा. विष्णुक्रांतेची निळी फुले गवतात इतकी बारीक असतात, की ती दिसायला पोरीचेच डोळे लागत. शमी कोणत्या देवळामागे आहे, हादगा कोणाच्या परसात आहे, हा सगळा नकाशा माईंच्या डोक्यात होता. माळणीशी बोलताना त्या माक्याला भांगरो म्हणत, आघाड्याला अघेडो आणि रुईला आकडो. घरी आल्यावर पुन्हा माका, आघाडा, रुई. परतताना त्यांच्या लुगड्याच्या काठाला आघाड्याची कुसळे चिकटलेली असत. "हा आपल्याबरोबर घरी यायलाच बघतो," असे म्हणत त्या उंबऱ्यावर बसून ती एकेक काढीत. राहिला देवदार. तो हिमालयातला वृक्ष. बडोद्यात कुठून यायचा? त्याच्या जागी माई आसोपालवाचे पान ठेवीत आणि देवाकडे पाहून म्हणत, "चालते त्याला."

आमच्या डोळ्यांसमोर मात्र मुलीचे भवितव्य वेगळे होते. ती हुशार होती, विज्ञानाची गोडी होती, तेव्हा तिने डॉक्टर व्हावे हे आम्ही परस्पर ठरवून टाकले. परप्रांतात चार पिढ्या काढलेल्या आमच्यासारख्या घरांत डॉक्टर ही केवळ पदवी नसते. जमीनजुमला नाही, व्यापार नाही, राजवट गेली तशी राजाश्रयाची नोकरीही गेली. उरला तो शिक्षणाचा आधार. तो आधार घरात दिसावा, पाटीवर नाव लागावे, असे आम्हांला वाटे. २०१८ साली ती बारावी झाली. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत गुण कमी पडले. वर्षभर पुन्हा अभ्यास करून २०१९ साली ती परत बसली. पुन्हा कमी पडले. त्या उन्हाळ्यात तिने आम्हांला विचारले नाही, सांगितले: "मी बॉटनी घेणार."

आमची त्या वेळची वागणूक आठवली की आजही मान खाली जाते. बी.एस्सी.ला प्रवेश मिळाला त्या दिवशी माईंनी स्वतःच्या पैशाने पेढे आणविले आणि वाड्यातल्या सात घरी नेऊन दिले. लोक विचारू लागले, कशाचे पेढे? माई सांगत, "नात कॉलेजात गेली. विद्यापीठात." आणि आम्ही मागाहून, जिन्यात भेटतील त्यांना, दबक्या आवाजात दुरुस्ती करीत होतो: "सध्या तात्पुरती घातली आहे. पुढच्या वर्षी पुन्हा पाहू." लग्नकार्यात, हळदीकुंकवात आम्ही त्या विषयाला बगल देऊ लागलो. ज्यांची मुले मेडिकलला लागली होती त्यांच्याकडे जाणेच कमी केले.

त्या वर्षीच्या हरतालिकेला माई ऐंशी वर्षांच्या होत्या. तरीही नातीचा हात धरून गेल्या आणि पिशवी भरून आल्या. घरी इंदूरकडचे पाहुणे होते. त्यांनी सहज विचारले, मुलगी काय करते? आम्ही ठरलेले उत्तर दिले. पाहुणे गेल्यावर पत्री निवडत बसलेल्या आजी-नातीकडे पाहून आमच्या तोंडून शब्द गेले, "पाने गोळा करून कोणाचे पोट भरले आहे?"

आमच्यापैकी कोणी ते म्हटले हे सांगत नाही. म्हटले एकाने, पण दुसऱ्याने अडविले नाही. आणि मनात ते दोघांच्याही होते.

मुलगी उठून आत गेली. माईंनी हातातले पान खाली ठेवले नाही. त्या म्हणाल्या, "पोट भरायचे ते भरेल. ती ओळखते किती, ते तरी एकदा बघा." मग त्यांनी एकवीस ढीग मांडून पुरे केले. त्या विषयावर त्यांचे आमच्याशी तेवढेच बोलणे झाले. दुसऱ्या दिवशी गणपती बसले, आरत्या झाल्या, मोदक झाले. क्षमा मागायची ती राहूनच गेली. घरातल्या माणसाची क्षमा मागायला सवड मिळेलच, असे आपल्याला नेहमी वाटते.

पुढे २०२० साल आले. मार्चपासून सगळे बंद. मुलीचे वर्ग मोबाइलवर भरू लागले. घरात दुसरी खोली रिकामी नसल्याने ती माईंच्या पलंगाशी बसे, आणि माई तिच्याशेजारी बसून ते इंग्रजी व्याख्यान पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकत. आम्ही एकदा म्हटले, माई, तुम्हांला कंटाळा येत नाही का? त्या म्हणाल्या, "शब्द कळत नाहीत, पण पान दाखवतात ते कळते." पडद्यावर एखादी वनस्पती आली की त्या हळूच मराठी नाव सांगत आणि नात ते वहीत इंग्रजी नावासमोर लिहून घेई. अशी ती वही भरत गेली.

त्या ऑगस्टमधल्या गणपतीला बाजारात पत्री नव्हती आणि माईंना लांब जाता येत नव्हते. वाड्यात, गल्लीच्या टोकाला आणि मागच्या पडक्या जागेत मिळून चौदा पत्री जमल्या. देवापुढे चौदाच ठेवल्या. विसर्जनानंतर काय झाले ते आम्हांला पुष्कळ दिवसांनी समजले. मुलीने त्या चौदाही वनस्पतींच्या, फुले-फळे असलेल्या वेगळ्या फांद्या काढून ठेवल्या होत्या. वर्तमानपत्रांच्या घड्यांत घालून तिने त्या अण्णांच्या लाकडी शिकंज्यात दाबल्या. अण्णा गेल्यापासून तो शिकंजा माळ्यावर पडून होता. रोज संध्याकाळी ओलसर झालेली वर्तमानपत्रे काढून कोरडी घालायची, हे काम माई करीत. कागदाला खर्च नव्हता; घरी रद्दी पुष्कळ होती.

२०२१च्या एप्रिलमध्ये, साथीच्या दुसऱ्या लाटेत, माई गेल्या. रुग्णालयात भेटण्याची मुभा नव्हती. शेवटचे बोलणे फोनवर झाले, तेही नातीशी. कुंडीतल्या मरव्याला पाणी घालतेस ना, असे त्यांनी विचारले. आमच्याशी बोलायची वेळ आली तेव्हा त्यांना धाप लागली होती.

तिच्या पदवीच्या शेवटच्या वर्षी विभागातून प्रत्येकाला वनस्पतींच्या वाळविलेल्या नमुन्यांचा एक छोटा संग्रह करावयास सांगितले होते. आमच्या मुलीने एकवीस पत्रींचा संग्रह करण्याचे ठरविले. चौदा नमुने तयार होते; उरलेले तिने २०२१च्या पावसाळ्यात एकटीने हिंडून मिळविले. या कामाची पद्धत आम्हांला तेव्हा प्रथम समजली. जाड पांढरा कागद, साधारण साडेसोळा इंच लांब आणि साडेअकरा इंच रुंद. त्यावर वाळलेली फांदी अशी बसवायची, की पानाची एक बाजू वर दिसावी, एखाद्या पानाची खालचीही दिसावी, फूल झाकले जाऊ नये. पातळ भाग डिंकाने चिकटवायचे, जाड देठ दोऱ्याने कागदाला शिवायचे. उजव्या कोपऱ्यात खाली चिठ्ठी लावायची. नीट जपलेला असा कागद शेकडो वर्षे टिकतो. वनस्पतींना दोन शब्दांची लॅटिन नावे देण्याची पद्धत ज्याने १७५३ साली रूढ केली त्या लिनियसचे नमुने आजही लंडनला जपून ठेवलेले आहेत.

२०२२च्या वसंतात विभागाने मुलांचे काम पालकांना पाहण्यासाठी मांडले होते. महाराज सयाजीराव विद्यापीठाच्या आवारात आम्ही उभयता आयुष्यात कितीतरी वेळा गेलो असू; १९४९ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ आमच्या घराच्या तीन पिढ्यांना ओळखते. पण त्या दिवशी जाताना पाय जड झाले होते. मुलीने आग्रह केला नव्हता. "वेळ असला तर या," एवढेच म्हणाली होती.

टेबलांवर कागद मांडले होते. आमच्या मुलीचे कोणते, हे आम्हांला चिठ्ठी न वाचताच कळले. देठाच्या शिवणीला मागे जी गाठ होती ती अण्णांची गाठ होती. पुस्तकाची जुजबंदी करताना दोरा जसा ओढून, न दिसता, सपाट बसतो तशीच ती बसली होती. तिच्या शिक्षिका जवळ आल्या. गुजराती गृहस्थिणी, वय आमच्याएवढेच. म्हणाल्या, "हिचे माउंटिंग आम्ही पहिल्या वर्षाच्या मुलांना दाखवतो. विचारले, कोणी शिकवले? तर म्हणते, आजोबांनी. ते बॉटनीचे होते का?" आम्ही म्हटले, नाही, ते बाइंडर होते. त्या क्षणी आमचा आवाज दबला नाही, एवढे समाधान आम्हांला आजही आहे.

मग आम्ही चिठ्ठ्या वाचू लागलो. लॅटिन नाव, कुळ, गुजराती नाव, मराठी नाव, जागा, तारीख. पहिल्याच चिठ्ठीवर आघाडा होता: ॲकिरँथस अस्पेरा. दुसऱ्या शब्दाचा अर्थ खरखरीत असा होतो, हे तिने मागाहून सांगितले. तारीख ऑगस्ट २०२० मधली. जागेच्या रकान्यात आमच्या वाड्याची मागची बाजू. गोळा करणाराच्या रकान्यात मुलीचे नाव. त्याखाली एक रकाना होता: वनस्पती कोणी ओळखली. त्यात माईंचे नाव लिहिले होते. माई नव्हे, त्यांचे नाव, अण्णांचे नाव आणि आडनाव, असे पूर्ण नाव.

चौदा कागदांवर ते नाव होते. उरलेल्या सातांवर मुलीचे स्वतःचे. आम्ही शिक्षिकांकडे पाहिले. त्या म्हणाल्या, "मी तिला विचारले होते, या कोण? आजी म्हणाली. मी तपासून घेतले. चौदापैकी एकही ओळख चुकलेली नाही. मग ज्याने ओळखले त्याचेच नाव लिहायचे, नियमच तसा आहे."

माईंचे पूर्ण नाव आम्ही आजवर कोठे कोठे वाचले होते, ते मनात येऊ लागले. रेशनकार्डावर. मतदारयादीत. आणि एक वर्षापूर्वी महापालिकेच्या दाखल्यावर. सातवीपर्यंत शिकलेल्या त्या बाईचे नाव आता विद्यापीठातल्या कागदावर होते, आणि तेही कोणी उपकार म्हणून घातलेले नव्हते. "ती ओळखते किती, ते तरी एकदा बघा," असे माई नातीविषयी म्हणाल्या होत्या. आम्ही बघितले ते अडीच वर्षांनी. नात किती ओळखते तेही, आणि माई किती ओळखत होत्या तेही.

एकविसाव्या कागदावर आसोपालव होता. लॅटिन नाव बरोबर लिहिले होते, मोनून लाँगिफोलियम. आधीचे पॉलिअल्थिया हे नाव कंसात. देवदार म्हणून तो खपविलेला नव्हता. पण शेऱ्याच्या रकान्यात एक ओळ होती: बडोद्यातील मराठी घरांत गणेशपूजेत देवदाराच्या पानाऐवजी वापरतात. शिक्षिका म्हणाल्या, "ही ओळ पुस्तकात मिळत नाही. ती घरातच मिळते." आम्हांला माईंचे "चालते त्याला" आठवले आणि हसू आले, आणि हसता हसता आमच्यापैकी एकाला खिडकीशी जाऊन उभे राहावे लागले.

त्यानंतर दोन महिन्यांनी निकाल लागला आणि साखरेचा तो प्रसंग घडला, जो आरंभी सांगितला. आम्ही काही बोललो नाही, हे पाहून मुलीने कपाटातून अण्णांची वही काढली.

या वहीविषयी सांगावयाचे राहिले. घरातल्या प्रत्येक मुलाची प्रगतिपुस्तके आणि गुणपत्रिका अण्णा एकत्र बांधून ठेवीत. काळा कापडी कणा, कडक पुठ्ठा, आत साल लिहिलेले. आधी मुलांच्या, मग त्याच वहीत भर घालून नातवंडांच्या. पुढे येणाऱ्या कागदांसाठी ते शेवटी कोऱ्या पट्ट्या शिवून ठेवीत, म्हणजे नवी गुणपत्रिका त्या पट्टीला चिकटवली की झाले. त्यांनी शिवलेल्या पट्ट्या ते गेल्यावरही शिल्लक होत्या. आम्ही ती वही कित्येक वर्षांत उघडली नव्हती.

मुलीने शेवटची पाने उघडली. दहावी, अकरावी, बारावी या गुणपत्रिका तिने जागच्या जागी लावल्या होत्या. त्यापुढे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचे दोन्ही निकाल लावलेले होते, २०१८चा आणि २०१९चा. आम्ही म्हटले, अग, हे कशाला लावलेस? ती काही न बोलता पाने मागे उलटीत गेली आणि एका पानावर थांबली. १९८४ सालची बारावीची गुणपत्रिका होती, आमच्यापैकी एकाची. दोन विषयांत नापास.

तो निकाल आम्ही विसरलो होतो म्हणणे खोटे ठरेल. आम्ही तो मुलीला कधी सांगितला नव्हता, एवढेच. अण्णांनी मात्र तो बांधला होता. पासाच्या कागदांना जी शिवण, जे कापड, तेच त्याला. पुढच्या पानावर त्याच वर्षीच्या ऑक्टोबरच्या परीक्षेची पासाची गुणपत्रिका, तीही तशीच. एकाखाली रागाचा शेरा नाही, दुसऱ्याखाली शाबासकी नाही. दोन्ही पानांच्या कडा सारख्या कापलेल्या. त्या नापासाच्या दिवशी अण्णांनी काय केले होते, ते आम्हांला आठवले. ते संध्याकाळी सूरसागरच्या पाळीवर घेऊन गेले होते, शेंगदाण्याची पुडी घेतली होती, आणि छापखान्यातल्या कुठल्याशा नव्या यंत्राविषयी बोलत बसले होते. परत येताना फक्त म्हणाले होते, "ऑक्टोबरला बसतोस ना? मग झाले."

आईबापांना मुलांचा अभिमान वाटतो, हे आपण सहज बोलून जातो. पण आमचा अभिमान कागद हातात आल्यावर जागा झाला. पहिला वर्ग, शिक्षिकेचे शब्द, चिठ्ठीवरचे नाव, इतका पुरावा मिळाल्यावर अभिमान वाटण्यात आम्ही काय मोठे केले? अण्णांनी पुढच्या निकालांसाठी पट्ट्या शिवून ठेवल्या तेव्हा त्यांना तो निकाल ठाऊक नव्हता. माईंनी पेढे वाटले तेव्हा वाटण्यासारखे काही घडलेच नव्हते. एक मुलगी कॉलेजात गेली होती, इतकेच. त्यांचा अभिमान आधीच तयार होता. आमच्या वाट्याला तो आला, तो त्यांच्याकडून उरलेला, वडिलोपार्जित. म्हणून साखर हातावर पडली तेव्हा बोलायला शब्द नव्हता. तो आनंद आधी दुसऱ्यांचा होता, आणि ते घरी नव्हते.

त्या रात्री आम्ही दोघांनी मुलीची क्षमा मागितली. तीन वर्षांपूर्वीचे ते वाक्य आम्हांला आठवते, असे म्हटले. ती म्हणाली, "मलाही आठवते. पण माईंनी उत्तर दिले होते ना." आणि वहीच्या पुढच्या पट्टीला तिने पदवीची गुणपत्रिका लावली. खळ तिनेच शिजविली होती, मोरचूद घालून.

२०२४ साली ती एम.एस्सी. झाली आणि आता संशोधनाला लागली आहे. वर्षातले कित्येक दिवस ती रानावनात असते. गेल्या गणपतीला तिला येणे जमले नाही. हरतालिकेच्या सकाळी आम्ही उभयता पिशवी घेऊन निघालो. माईंचा नकाशा आमच्याजवळ नाही. ज्या पडक्या जागेत माका होता तेथे आता इमारत उभी आहे, आणि हादग्याचे झाड तोडले गेले. डोरली आणि तिच्यासारखेच दुसरे एक काटेरी झुडूप यांत आमचा गोंधळ झाला, तेव्हा मोबाइलवर छायाचित्र काढून मुलीला पाठविले. तिचे उत्तर आले, "बाबा, दुसरे. फळ पिवळे आहे का बघा. आई, हात जपून." आम्ही दोघे पन्नाशी कधीच ओलांडलेली माणसे, त्या रस्त्याच्या कडेला उभे राहून पिवळे फळ शोधीत होतो.

सगळ्या मिळून सतरा पत्री जमल्या. देवदाराच्या जागी आसोपालव ठेवला तो धरून. घरी परतल्यावर उंबऱ्यावर बसलो तेव्हा पातळाच्या काठाला आणि धोतराच्या सोग्याला आघाड्याची कुसळे चिकटलेली होती. ती एकेक काढीत बराच वेळ बसलो. भिंतीवरून अण्णा आणि माई पाहत होते.

माई, पाने गोळा करून पोट भरते की नाही, हे अजून ठरायचे आहे. तिला मिळणाऱ्या विद्यावेतनात तिचे भागते, पुढचे पुढे. पण तो प्रश्न आता आम्ही विचारीत नाही. वहीत अजून दोन पट्ट्या कोऱ्या आहेत. त्यांना पुढे काय लागेल ते लागो. पेढे आम्ही आधीच वाटून ठेवले आहेत.